हिंडलग्याला माणूस आत असेल तर: भेट, पैसे, जामीन आणि नावाच्या स्पेलिंगची भानगड

पोलीस कोठडीची मुदत संपते, कोर्ट न्यायालयीन कोठडी देते आणि व्हॅन आवारातून निघून जाते. मागे उरलेल्या घरच्यांना कोणी फारसे काही सांगत नाही, कारण सांगणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात मग सगळे एकच गृहीत धरतात: हिंडलग्याला, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती कारागृहात नेले. बहुतेक वेळा ते खरेही असते. तरी आधी ते पक्के करून घ्यावे, कारण तालुक्याच्या कोर्टातून पाठवलेला माणूस काही वेळा उपकारागृहात असतो आणि घरचे हिंडलग्याच्या गेटवर दिवस घालवतात. कोठडीच्या वॉरंटवर कारागृहाचे नाव असते. वकिलांना किंवा कोर्टातल्या क्लार्कला विचारून चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: कारागृहाचे नाव, पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक, कोर्टाचा केस क्रमांक आणि पुढची तारीख. वहीतच लिहा. मोबाइल गेटवर ठेवून घेतात आणि ही माहिती नेमकी गेटच्या आत विचारतात.

पाचवी गोष्ट आत गेल्यानंतर मिळते, ती म्हणजे कैद्याचा नंबर. खटला चालू असलेल्याला यूटीपी नंबर, शिक्षा झालेल्याला सीटीपी नंबर. पहिल्या भेटीतच तो विचारून घ्या. पत्र, मनीऑर्डर, कपडे, वकीलपत्रावरची सही, सगळे पुढे या नंबरावर चालते. निकाल लागून शिक्षा झाली की यूटीपी जाऊन सीटीपी येतो. तेव्हा जुना नंबर खोडून नवा लिहायला विसरू नका.

आधी नाव जुळवा

सीमाभागातल्या मराठी माणसाची कारागृहातली निम्मी अडवणूक नावामुळे होते, म्हणून यावर थोडे थांबणे भाग आहे. घरी नाव मराठीत, पोलीस ठाण्यात पंचनामा कन्नडात, आधारवर इंग्रजी, शाळेच्या दाखल्यावर आणखी वेगळे. ज्ञानेश्वर हे साधे नाव घ्या. मराठी माणूस इंग्रजीत ते 'डीएनवाय'ने सुरू करतो. कन्नडात 'ज्ञ'चा उच्चार निराळा असल्यामुळे ठाण्यातला रायटर 'जेएन'ने किंवा 'जीएन'ने लिहितो. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसे. यल्लाप्पाचे वायने सुरू होणारे आणि ईने सुरू होणारे अशी दोन रूपे चालतात. परशराम, परशुराम, परसराम तर एकाच घरात सापडतात. त्यात वडिलांचे नाव मधे की शेवटी, आडनाव आहे की नुसते आद्याक्षर, याचाही घोळ.

यावर उपाय असा. एफआयआरची आणि कोठडीच्या आदेशाची प्रत पहिल्याच आठवड्यात घ्या आणि त्यातले इंग्रजी स्पेलिंग जसेच्या तसे उतरवा. ते चुकीचे असले तरी कारागृहाशी व्यवहार करताना तेच वापरा. दुरुस्ती कोर्टात होते, गेटवर नाही. आणि वकिलांना सांगा की जामीन अर्जात दोन्ही नावे 'उर्फ' लावून घाला. इथल्या कोर्टाच्या कागदांत उर्फच्या जागी ॲटचे चिन्ह दिसते, तेही चालते. हे का करायचे, ते सुटकेच्या दिवशी कळते. सुटकेच्या आदेशावर 'ज्ञानेश्वर' एका स्पेलिंगने आणि वॉरंटवर दुसऱ्या स्पेलिंगने असेल, तर कारागृह आदेश परत पाठवते आणि माणूस आणखी एक-दोन रात्री आत काढतो. यात अधिकाऱ्यांचा आडमुठेपणा नसतो. चुकीचा माणूस सोडला तर त्यांची नोकरी जाते.

जागा आणि तिचा इतिहास

मध्यवर्ती कारागृह बेळगाव शहरापासून सहाएक किलोमीटरवर, वेंगुर्ला रस्त्याला आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून सिटी बस मिळते, कंडक्टरला 'हिंडलगा जेल' एवढे सांगितले की पुरे. चंदगड, शिनोळी, उचगावकडून येणाऱ्यांना शहरात शिरायची गरज नाही, हिंडलगा अलीकडेच लागते. खानापूरकर आणि निपाणीकरांना मात्र आधी बेळगाव गाठावे लागते.

इमारत १९२३ ची. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणजे येरवडा, नाशिक, ठाणे आणि हिंडलगा हे सगळे एकाच खात्याखाली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि कायदेभंगाच्या वर्षांत त्याच अधिवेशनातली माणसे कैदी म्हणून इकडच्या तुरुंगांत येऊ लागली. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १९३३ साली बेळगावच्या तुरुंगात होते. गीतेचे इंग्रजी भाषांतर त्यांनी त्या मुक्कामात केले. स्वातंत्र्यानंतर, एप्रिल १९५० मध्ये, पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीला येत असताना सरकारने विनायक दामोदर सावरकरांना प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली मुंबईत पकडून इथे आणले. सुमारे शंभर दिवसांनी, जुलैत, ते सुटले.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. तुरुंग होता तिथेच राहिला, त्याच्या वरचे राज्य बदलले. १९६३ चा स्वतंत्र कारागृह कायदा आणि १९७४ चे नियम आले, तरी बराक, गिनती, हिस्ट्री तिकीट (कैद्याची नोंदपत्रिका) हे जुने शब्द टिकून आहेत. सीमालढ्यातल्या सत्याग्रहींनीही इथेच दिवस काढले. १ जून १९८६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचे स्मारकही याच हिंडलगा गावात आहे. त्यामुळे इकडच्या बऱ्याच घरांत 'हिंडलग्याला होते' हे वाक्य आजोबांविषयी अभिमानाने आणि नातवाविषयी मान खाली घालून म्हटले जाते.

आंदोलनाच्या आदल्या दिवशी होणारी धरपकड हे वेगळे प्रकरण आहे. प्रतिबंधक म्हणून उचललेल्या माणसाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, दुसरे कलम लागले असेल तरच पुढे. तेवढ्यासाठी जामीनदार शोधत फिरू नका. आधी कलम विचारा.

आतला दिवस

तो कसा जातो हे माहीत असले की भेटीला कधी जावे आणि फोनची वाट कधी पाहू नये, हे आपोआप कळते. पहाटे बराकी उघडतात आणि गिनती होते. रात्री झोपलेली डोकी आणि सकाळी उठलेली डोकी जुळल्याशिवाय पुढे काही हलत नाही. मग नाश्ता. दुपारचे जेवण घरच्यापेक्षा बरेच लवकर, आणि संध्याकाळचे जेवण उजेड असतानाच हातात पडते, कारण सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा गिनती होऊन टाळे लागते. जेवण आणि सकाळ यांत बारा तासांचे अंतर पडते. मधुमेह असलेल्याला याचा त्रास होतो, म्हणून प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत तो आजार हिस्ट्री तिकिटावर लिहून घेतला पाहिजे. माणूस गडबडीत सांगत नाही. घरच्यांनी औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स पहिल्या भेटीतच द्यावी. फिट येणे, टीबी, रक्तदाब, मानसिक आजाराच्या गोळ्या यांतही तसेच. औषध थेट कैद्याच्या हातात जात नाही, कारागृहाच्या डॉक्टरांमार्फत जाते. सुट्या गोळ्या परत येतात. सीलबंद पट्टी, बिल आणि चिठ्ठी असेल तरच पुढे सरकते.

सश्रम शिक्षा झालेल्यालाच काम सक्तीचे. साधी कैद किंवा खटला चालू असलेला माणूस स्वेच्छेने करू शकतो, त्याला भाग पाडता येत नाही. कामाची मजुरी मिळते. २०२३ च्या सुरुवातीला कर्नाटकाने हे दर बरेच वाढवले: शिकाऊ कैद्याला दिवसाला ५२४ रुपये, अतिकुशल कैद्याला ६६३. आतले काम जातीवर वाटणे आणि रजिस्टरात जातीचा रकाना ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला रद्द केले आहे. कोणी जात विचारून झाडू हातात दिला तर ती तक्रार वकिलामार्फत लेखी जायला हवी, भेटीत कुजबुजून नाही.

स्त्री कैद्याबरोबर सहा वर्षांपर्यंतचे मूल राहू शकते. मूल आत जन्मले तर जन्मदाखल्यावर तुरुंगाचा उल्लेख नको, असे सर्वोच्च न्यायालयाचे २००६ पासूनचे निर्देश आहेत. दाखला हातात आला की तेवढी ओळ तपासा.

मुलाखत

भेटीला कारागृहात मुलाखत म्हणतात. ती ऑनलाइन मागता येते. राष्ट्रीय ई-प्रिझन्स पोर्टलवर ई-मुलाकात नावाचा भाग आहे. तिथे भेटणाऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल आणि ईमेल भरायचा. खालच्या भागात राज्य, कारागृह, कैद्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, वय, नाते, भेटीची तारीख, आणि प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओवर, हे निवडायचे. राज्य कर्नाटक निवडायचे, हे सांगायला नको, पण कोल्हापूर जिल्ह्यातले नातेवाईक सवयीने महाराष्ट्र निवडतात आणि यादीत बेळगाव सापडत नाही म्हणून सायबर कॅफेवाल्याशी भांडतात. ईमेल स्वतःचा द्या, कारण ओटीपी आणि मंजुरी तिथेच येते. कॅफेवाल्याचा ईमेल दिला की दुसऱ्या दिवशी त्याचे दुकान बंद असते. मंजुरी आल्याशिवाय निघू नका. अर्ज केला म्हणजे भेट ठरली असे नाही.

गेटवर ओळखपत्र मूळ आणि झेरॉक्स दोन्ही लागते. जास्तीची झेरॉक्स खिशात ठेवलेली बरी. नाते सिद्ध करणारा कागदही जवळ असावा. लग्न झालेल्या बहिणीचे आडनाव वेगळे असते, मग रेशनकार्ड किंवा माहेरचा दाखला उपयोगी पडतो. महिन्यात किती वेळा आणि किती माणसांना भेटता येते हे यूटीपी आणि सीटीपी यांना वेगवेगळे असते. म्हणून घरातल्यांनी आपसात पाळी लावून घ्या. सोमवारी चुलते भेटून गेले आणि मंगळवारी आई आली तर आईला परत फिरावे लागते.

सुट्टीचा हिशेब कर्नाटकाच्या कॅलेंडरने करा. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सरकारी सुट्टी, आणि आपल्याकडे काळा दिवस, म्हणजे कार्यालय बंद आणि रस्त्यावर बंदोबस्त. त्या दिवशी भेटीचा नाद सोडा. उलट १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात सुट्टी असते, इकडची कोर्टे आणि कचेऱ्या चालू असतात. त्या दिवशीची तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकते. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचे अधिवेशन असले की पोलीस तिकडे गुंततात, कैद्याला कोर्टात न्यायला एस्कॉर्ट मिळत नाही आणि पेशी व्हिडिओवर होते. त्याला कोर्टात बघायला मिळेल म्हणून खानापूरहून निघण्याआधी वकिलांना फोन करा.

भेट जाळीपलीकडून किंवा काचेपलीकडून, कर्मचाऱ्याच्या नजरेखाली होते. वेळ थोडा असतो आणि पहिली पाच मिनिटे रडण्यात जातात, ते स्वाभाविक आहे. म्हणून विचारायचे प्रश्न आधीच वहीत क्रमाने लिहा: तब्येत, नंबर, पुढची तारीख, वकील भेटले का, काय हवे. केसमधल्या साक्षीदारांची नावे, पैशांचे व्यवहार, कोण काय बोलले, हे तिथे बोलूच नका.

काय न्यावे, काय परत येते

खटला चालू असलेला माणूस स्वतःचे कपडे वापरू शकतो. शिक्षा झाली की कारागृहाचे. कपडे साधे, बिनखिशाचे किंवा एका खिशाचे, नाडीऐवजी इलॅस्टिकचे. खाकी आणि लष्करी छापाचे टाळा. बेळगावात छावणी असल्यामुळे तसल्या पॅन्टी बाजारात सर्रास मिळतात, आणि गेटवर त्या पहिल्या बाजूला काढल्या जातात. जून ते सप्टेंबर इथे पाऊस थांबत नाही, धुतलेले वाळत नाही. दोन जोड्यांऐवजी तीन द्या, आणि त्या जाड सुती नकोत, लवकर वाळतील अशा. डिसेंबरला स्वेटर आणि कानटोपी.

शिजवलेले अन्न सहसा घेत नाहीत. आईने पहाटे उठून केलेल्या भाकऱ्या गेटबाहेर कुत्र्याला घालाव्या लागतात, त्यापेक्षा विचारून जावे. उघडा कुंदा, घरचे लाडू, लोणच्याची बरणी हेही नाही. कंपनीचे सीलबंद बिस्किटाचे पुडे, साबण, टूथपेस्ट यांना अडचण कमी. काच, धातू, आरसा, ब्लेड बाद. आणि निपाणीकडच्या मंडळींना खास सूचना: आत जाण्याआधी खिसे स्वतः झाडून बघा. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी इतकी अंगवळणी पडलेली असते की ती खिशात आहे हेच लक्षात नसते. झडतीत सापडली की भेट जाते, आणि मोबाइल, सिमकार्ड किंवा गांजा सापडला तर भेटायला आलेल्याचाच गुन्हा नोंद होतो. शेजारच्या कैद्याचे नातेवाईक 'एवढी पिशवी आत द्या' म्हणतात, त्यांना सरळ नाही म्हणा.

पैसे कैद्याच्या हातात द्यायचे नसतात. ते त्याच्या खासगी रोख खात्यावर जमा होतात आणि त्यातून तो आतल्या कॅन्टीनमधून वस्तू घेतो. कार्यालयात भरले तर पावती घ्या. टपालाच्या मनीऑर्डरला १०० रुपयांमागे ५ रुपये कमिशन पडते, म्हणजे दर आठवड्याला थोडे पाठवा की महिन्याचे एकदम, कमिशन साधारण तेवढेच; एकदम पाठवले तर खटाटोप मात्र वाचतो. कोणी 'आत सोय करून देतो' म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर पैसे मागितले तर ते पैसे गेले असे समजा.

पत्र मराठीत लिहिता येते. ते आधी वाचले जाते, म्हणून अक्षर स्वच्छ, मजकूर घरचा, आणि पाकिटावर नंबर ठळक. तक्रार असेल तर ती वेगळ्या अर्जात लिहा. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मांडणारे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याला तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठी आहे म्हणून अर्ज घेत नाही असे कोणी म्हणाले, तर अर्जाच्या डोक्यावर हे कलम लिहून पोचपावती मागा. भांडू नका. कलम लिहिलेला कागद परत करायला माणूस दोनदा विचार करतो.

वकील नसेल तर

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कायदा १९८७ चा, विधी सेवा प्राधिकरणाचा, कलम १२. इथे उत्पन्नाची अट लागत नाही, कोठडीत असणे हीच अट. अर्ज कारागृहातूनही करता येतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातही करता येतो, आणि १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. खासगी वकील लावला तर त्याचे वकीलपत्र आत नेऊन त्यावर कैद्याची सही आणि अधीक्षकांचे साक्षांकन व्हावे लागते. त्यात एक-दोन दिवस जातात. जामिनाची घाई असेल तर वकीलपत्र पहिल्याच दिवशी पाठवा.

जामीन झाला, पण माणूस सुटत नाही

ही सर्वांत जास्त विचारली जाणारी अडचण, आणि तिची कारणे तीन-चारच असतात.

पहिले, जामीनदार. कोर्टाने अमुक रकमेचा बाँड आणि एक किंवा दोन जामीनदार सांगितलेले असतात. जामीनदाराचे आधार, फोटो आणि जमिनीचा चालू उतारा लागतो. आधी किती जणांना जामीन राहिलात हे प्रतिज्ञापत्रात सांगावे लागते (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८६; जामीन, अपिलाची पुढची कलमेही याच संहितेची). जुना उतारा आणला की तो परत, म्हणून ताजा काढा. इथे सीमाभागाचा खास प्रश्न येतो: मामा चंदगडचे, जमीन महाराष्ट्रात, हातात सातबारा. 'बाहेरचा जामीनदार चालणार नाही' असे तोंडी ऐकायला मिळते. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच अमान्य केले आहे: जामीनदार किंवा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्यावरून त्याला नाकारता येत नाही. तो मोतीराम गवंडी होता आणि त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. वकिलांना हा निकाल अर्जाला जोडायला सांगा. सातबारा डिजिटल सहीचा असू द्या आणि खातेदाराचे नाव आधारशी जुळते का ते आधी पाहा. पुन्हा नावच.

दुसरे, रक्कम परवडत नाही. ती जास्त असू नये असे कलम ४८४ म्हणते, आणि सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय ती कमी करू शकते. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ईमेलने पाठवायची, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजनाही आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जामिनासाठी ४०,००० आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. अमली पदार्थ, यूएपीए, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार यांचे आरोपी त्यात बसत नाहीत.

तिसरे, दुसरी केस. एका केसमध्ये जामीन झाला आणि दुसऱ्या ठाण्याचे वॉरंट कारागृहात पडून असले तर सुटका होत नाही. कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गच्या कोर्टाचे वॉरंट असेल तर आणखी वेळ लागतो. वकिलांना आधीच विचारायला सांगा: याच्या नावावर आणखी काही आहे का?

चौथे, उशीर. सुटकेचा आदेश टाळेबंदीच्या आधी पोचला पाहिजे. दुपारी चारला जामीनदार कोर्टात हजर होत असतील तर त्या रात्री सुटका झाली तर नशीब.

जामीनच न मिळालेल्यांसाठी दिवस मोजणे महत्त्वाचे. ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही तर आपोआप जामिनाचा हक्क मिळतो (कलम १८७). आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज गेला पाहिजे, एक दिवस उशीर झाला की हक्क बुडाला. आणि कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की जामीन, इतरांना निम्मा काळ. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे पहिल्या खेपेला एक वर्ष. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षे, म्हणजे दोन वर्षे चार महिने. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेल्यांना हे लागू नाही. कोर्टाकडे अर्ज करणे हे अधीक्षकांचे कर्तव्य आहे, पण अटकेची तारीख तुमच्या वहीत असेल तर आठवण तुम्हीही करून देऊ शकता.

शिक्षा झाली तर

कलम ४०४ प्रमाणे निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते, आणि त्याने मागितल्यास, शक्य असेल तर, त्याच्या भाषेतला अनुवादही. मराठी अनुवाद मागा. मिळायला उशीर होतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर अपील धारवाड खंडपीठात, ६० दिवसांत. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. घरी कोणी करणारे नसेल तर कैदी स्वतः कारागृहातूनच अपील अर्ज देऊ शकतो, अधीक्षकांनी तो पुढे पाठवायचा असतो. खटल्याच्या काळात आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात.

पॅरोलसाठी अर्ज अधीक्षकांकडे आणि अहवाल ज्या गावी जाणार तिथल्या पोलिसांचा. पत्ता महाराष्ट्रातला असेल तर कागद दोन राज्यांतून फिरतो. लग्न मे महिन्यात असेल तर अर्ज पत्रिका छापायच्या आधी द्या. परत येण्याच्या दिवशी टाळेबंदीच्या आत गेटवर हजर राहायचे. वेंगुर्ला रस्त्याची बस चुकली हे कारण ऐकून घेत नाहीत.

कर्नाटकातले फाशीचे तख्त हिंडलग्यालाच आहे, म्हणून फाशीची शिक्षा झालेले राज्यभरातले कैदी इथे आणले जातात. १९८३ नंतर ते वापरले गेलेले नाही. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून किमान १४ दिवस जाऊ द्यावे लागतात, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये घातला. त्याच निकालाने, इथे ठेवलेल्या वीरप्पनच्या साथीदारांची फाशी जन्मठेपेत बदलली. शिक्षा अंतिम होण्याआधी माणसाला एकांत कोठडीत ठेवता येत नाही. बेळगावातल्या अशाच एकांतवासाची दखल घेऊन २०२२ मध्ये आणखी एक फाशी रद्द झाली.

सुटकेच्या संध्याकाळी

गेटवर घाई करू नका. जमा केलेले पाकीट, घड्याळ, अंगठी यादीप्रमाणे मोजून घ्या, खात्यात उरलेली रक्कम घ्या, सुटकेचा दाखला घ्या आणि त्यावरचे नाव तिथेच वाचा. जामिनावर सुटला असेल तर पुढची तारीख पुन्हा विचारा. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर कोणत्या वारी, हेही.

जुना तुरुंगवास शोधायचा असेल

स्वातंत्र्यलढ्यातल्या किंवा सीमालढ्यातल्या आजोबांच्या नोंदीसाठीही लोक या गेटवर येतात. तिथे उभे राहून उपयोग नाही. माहिती अधिकाराचा अर्ज कारागृहाच्या माहिती अधिकाऱ्याकडे करा. फी १० रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून इतिहास सांगत बसू नका. नाव, वडिलांचे नाव, गाव, साल, कोणत्या सत्याग्रहात, एवढेच. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडात असावा लागतो. कलम ३५० ची सवलत इथे चालत नाही. कोठडीतल्या माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मात्र हेच उत्तर ४८ तासांत मागता येते.

१९५६ पूर्वीचे कागद मुंबई सरकारचे, म्हणून बेळगावात नाही म्हटले तर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात विचारा. नोंद सापडतच नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असा लेखी दाखला घ्या. स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत तो दाखला आणि सोबतच्या कैद्याचे प्रमाणपत्र यांवर प्रकरण चालते. आणि शोधताना नाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. ब्रिटिश काळातल्या कारकुनाने परशराम कसा लिहिला असेल, याची चार-पाच रूपे आधी कागदावर काढून ठेवा.